शिट्टी कोणाच्या हाती?

(किशोरी शाखांच्या गणशिक्षिका, त्यांचे पालक आणि ज्येष्ठ सेविका यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



एखाद्या वस्तीतील सायंशाखेचे दृश्य क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. देवळामागचे लहानसे मैदान. मध्यभागी भगवा ध्वज. वीस-पंचवीस मुली जमलेल्या. त्यांतल्या निम्म्या चौथी-पाचवीतल्या, काही त्याहूनही लहान. समोर उभी आहे नववीत शिकणारी एक मुलगी. तिच्या गळ्यात शिट्टी आहे. आज प्रथमच पूर्ण तासाची शाखा तिने घ्यायची आहे. आरंभ ठीक होतो. परंतु दहा मिनिटांतच खेळाचे दोन गट भांडू लागतात. एक चिमुरडी पडते, गुडघा खरचटतो, ती भोकाड पसरते. दोघी जणी कंटाळून कट्ट्यावर जाऊन बसतात. शिट्टी वाजते, पण तिच्याकडे कोणाचेच लक्ष नाही. नववीतल्या मुलीचा चेहरा रडवेला होतो. ती वळून कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या ताईंकडे पाहते.

आता ताईंनी काय करावे?

ताईंच्या हाती वीस वर्षांचा अनुभव आहे. त्यांनी एक हाक दिली तर दोन मिनिटांत सर्व मुली रांगेत उभ्या राहतील. शाखा उत्तम होईल. मात्र त्या दोन मिनिटांत आणखीही एक गोष्ट घडेल. ‘हे आपल्याने होणारे काम नव्हे, खरी शिक्षिका ताईच,’ असे नववीतली मुलगी मनाशी ठरवून टाकेल आणि त्या लहान मुलींनाही तेच कळेल. त्या दिवसाची शाखा वाचेल, पण दहा वर्षांनंतरची एक कार्यकर्ती हातातून जाईल.

आजच्या विषयाचे सारे मर्म या एका प्रसंगात सामावलेले आहे. किशोर वयातील मुलींनी आपल्याहून लहान मुलींचे नेतृत्व करावे, हे सर्वांनाच मान्य असते. उत्सवाच्या व्यासपीठावर त्याचे कौतुकही होते. प्रश्न असा आहे की, ते नेतृत्व खरे असते की शोभेचे? शिट्टी तिच्या गळ्यात असते, हे खरे. पण ती वाजवण्याचा अधिकार कोणाच्या हाती असतो?

स्वतः शिकत शिकवणाऱ्या मावशी

राष्ट्र सेविका समितीची स्थापना २५ ऑक्टोबर १९३६ रोजी, विजयादशमीच्या दिवशी वर्धा येथे झाली. संस्थापिका वंदनीय लक्ष्मीबाई केळकर, म्हणजेच सर्वांच्या मावशी, तेव्हा एकतीस वर्षांच्या होत्या. त्यांचा जन्म ६ जुलै १९०५ रोजी नागपूरला झाला. वयाच्या चौदा-पंधराव्या वर्षीच विवाह होऊन त्या वर्ध्याच्या पुरुषोत्तमराव केळकर या वकिलांच्या घरी आल्या, आणि आल्या त्याच दिवशी त्यांच्या पहिल्या पत्नीच्या दोन मुलींच्या आई झाल्या. १९३२ मध्ये पतीचे निधन झाले. पुढे मुलांच्या निमित्ताने संघाच्या शाखेचा परिचय झाला. शाखेत जाणाऱ्या मुलांच्या वागण्यात पडलेला फरक त्यांनी पाहिला आणि असेच शिक्षण स्त्रियांना का मिळू नये, हा प्रश्न घेऊन त्या डॉ. हेडगेवारांना भेटल्या. त्या भेटींतून स्त्रियांच्या स्वतंत्र संघटनेचा निर्णय झाला.

या इतिहासातील एक बारकावा किशोरींच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मावशींपाशी आरंभी शारीरिक शिक्षणाचा कोणताही अनुभव नव्हता. व्याख्यानाचा सराव नव्हता. संघटनेचे तयार पाठ्यपुस्तक तर कोठेच नव्हते. त्या सायकल शिकल्या, बोलायला शिकल्या, रामायणाचा अभ्यास करून पुढे प्रवचने करू लागल्या. पूर्ण पात्रता अंगी आल्यावर काम हाती घ्यावे, असे त्यांनी ठरवले असते तर समिती कधीच जन्माला आली नसती. काम आधी अंगावर घेतले आणि पात्रता कामातून येत गेली.

दुसराही एक अर्थ या चरित्रातून निघतो. त्या काळातील चौदा वर्षांच्या मुलीवर संसाराचा भार पडत असे, पण तो तिने निवडलेला नसे. जबाबदारी मोठी आणि अधिकार मात्र शून्य, अशी तिची स्थिती होती. आजच्या चौदा वर्षांच्या मुलीची स्थिती नेमकी उलट होऊ पाहत आहे. तिला शिक्षण आहे, सोयी आहेत, कपड्यांपासून शाखा-शिकवणीपर्यंत निवड आहे. परंतु दुसऱ्या कोणासाठी तरी तिने उत्तरदायी असावे, अशी एकही जागा तिच्या दिनक्रमात उरलेली नाही. घरात ती धाकटी किंवा एकुलती असते. शाळेत ती विद्यार्थिनी असते, क्लासमध्ये गुणपत्रिकेतील एक क्रमांक असते. ‘ही नसेल तर कोणाचे तरी अडेल’ असे तिला वाटावे, असे एकमेव स्थान म्हणजे तिचा शाखेतला गट.

अठराव्या वर्षी अचानक काही उगवत नाही

१९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले. कायद्याला कोठेतरी रेषा आखावीच लागते. परंतु अठराव्या वाढदिवसाच्या सकाळी विवेक, निर्णयशक्ती आणि धैर्य हे गुण टपालाने घरी येत नाहीत. त्यांची पेरणी आधीच्या पाच-सहा वर्षांत झालेली असावी लागते.

ही पेरणी झाली नाही तर काय होते, हे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि पंचायतींत स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखल्या गेल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. हजारो भगिनी ग्रामपंचायतीत निवडून आल्या. त्यांतील अनेकींनी पाणी, शाळा, दारूबंदी अशा प्रश्नांवर भरीव काम केले आणि गावांचे रूप पालटले. पण त्याच वेळी ‘सरपंचपती’ हा शब्दही मराठीत रूढ झाला. सही बाईंची आणि निर्णय नवऱ्याचा. खुर्चीवर एक व्यक्ती आणि कारभारात दुसरी.

या दोषाची सारी जबाबदारी त्या भगिनीवर टाकणे अन्यायाचे आहे. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तिला प्रथमच चारचौघांत उभे राहून ‘हे असे होईल’ असे म्हणायचे होते. त्याआधीच्या पस्तीस वर्षांत तिला तसे म्हणण्याची संधी कोणी दिली होती? तिला पद मिळाले, पण पदाची सवय मिळाली नव्हती. आणि आपल्या शाखेतील किशोरीला आपण गणशिक्षिका म्हणतो, पण शाखेचा कार्यक्रम ताई ठरवणार, खेळ ताई निवडणार, भांडण ताई मिटवणार आणि किशोरीने केवळ आज्ञा द्यायच्या, असे होत असेल तर तीच कथा पुन्हा लिहिली जात आहे. पडद्यामागे नवऱ्याच्या जागी ताई आहेत, एवढाच काय तो फरक. कटू वाटले तरी हे तपासून पाहिले पाहिजे.

परंपरेतील धाकट्या

आपल्या परंपरेला लहान वयाचे वावडे कधीच नव्हते. मुक्ताबाईंचा जन्म इ. स. १२७९ चा मानला जातो आणि १२९७ मध्ये त्यांनी देह ठेवला. म्हणजे अवघे अठरा वर्षांचे आयुष्य. लोकनिंदेने व्यथित होऊन ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा त्यांना बाहेर आणण्याचे काम या धाकट्या बहिणीने केले. ताटीच्या अभंगांत ती आज्ञा करत नाही, अपमान करत नाही, रडतही नाही. समोरच्याला त्याच्याच मोठेपणाची आठवण करून देते. दीर्घायुषी योगी म्हणून कीर्ती असलेल्या चांगदेवांनी पुढे याच मुलीला गुरुस्थानी मानले, असे परंपरा सांगते. रुसलेल्या मनाला पुन्हा कामाला लावण्याची कला हा नेतृत्वाचा पहिला गुण असेल, तर त्याचा आदर्श मराठी मातीत एका किशोरीने घालून दिलेला आहे.

दुसरे उदाहरण ईशान्येचे. राणी गाइदिन्ल्यू यांचा जन्म २६ जानेवारी १९१५ रोजी मणिपूरमधील आजच्या तामेंगलाँग जिल्ह्यात झाला. वयाच्या तेराव्या वर्षी त्या आपले चुलतबंधू जादोनांग यांच्या चळवळीत सामील झाल्या. पूर्वजांच्या श्रद्धेचे रक्षण आणि इंग्रजी सत्तेचा प्रतिकार असे त्या चळवळीचे दुहेरी रूप होते. २९ ऑगस्ट १९३१ रोजी जादोनांग यांना इंफाळमध्ये फाशी देण्यात आली. चळवळ तिथेच संपेल, असा सरकारचा हिशेब होता. पण सोळा वर्षांच्या गाइदिन्ल्यू पुढे झाल्या. गावागावांनी सरकारला कर देणे थांबवले. सरकारला त्यांना पकडण्यासाठी सैन्य पाठवावे लागले. १७ ऑक्टोबर १९३२ रोजी त्या पकडल्या गेल्या आणि त्यांना जन्मठेप झाली. स्वातंत्र्यानंतरच त्यांची सुटका झाली. सारे तारुण्य तुरुंगात गेले, पण निष्ठा ढळली नाही. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊन गौरवण्यात आले.

ही चरित्रे सांगताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. प्रत्येक मुलगी मुक्ताई किंवा गाइदिन्ल्यू होणार नाही. तशी अपेक्षा ठेवणे हा त्या मुलीवर अन्याय होईल. अलौकिक व्यक्ती कोणत्याही काळी आपली वाट स्वतः काढतात. त्यांच्यासाठी शाखेची आवश्यकता नसते. शाखा असते ती सामान्य मुलीसाठी. वर्गात मागच्या बाकावर बसणारी, पाहुणे आले की स्वयंपाकघरात शिरणारी, चार वाक्ये सलग बोलताना जिची जीभ अडखळते अशी मुलगी. तिला सात लहान मुलींची ताई करणे, हे शाखेचे खरे कर्तृत्व आहे.

सातांचा गट

सात ही संख्या सहज घेतलेली नाही. लहान गट आणि त्याला त्याच वयाच्या जवळची प्रमुख, ही योजना जगभर अनुभवाने सिद्ध झालेली आहे. इंग्लंडमध्ये १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे बालवीरांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली निमंत्रण नसताना तेथे हजर झाल्या आणि आम्हालाही यात स्थान द्या, असे त्यांनी सांगितले. त्यातून १९१० मध्ये गर्ल गाइड चळवळ उभी राहिली. १९११ मध्ये ती भारतात जबलपूरला आली आणि स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये भारत स्काउट्स आणि गाइड्स या संस्थेत विलीन झाली. तिची प्रेरणा आणि समितीची प्रेरणा भिन्न आहेत. परंतु तिच्या रचनेचा कणाही सहा-आठ मुलींची तुकडी आणि त्यांच्यातलीच एक नायिका हाच आहे. चांगले ते कोठूनही पाहावे आणि आपल्या पद्धतीने पारखून घ्यावे.

लहान गटाचे सामर्थ्य कशात आहे? पन्नास मुलींपुढे भाषण करता येते, त्यांची कवायत घेता येते. पण पन्नास घरे माहीत असणे पंधरा वर्षांच्या मुलीला शक्य नाही. सात घरे शक्य आहेत. गटप्रमुख मुलीला आपल्या सातही जणींची नावे, त्यांची घरे, त्यांच्या आया, त्यांच्या परीक्षा आणि त्यांचे रुसवे माहीत असतात. मंगळवारी एक जण आली नाही, तर बुधवारी शाळेत जाताना ती तिच्या दारावर थाप मारते. ताप होता की कंटाळा आला होता की कोणी काही बोलले होते, हे तिला कळते. संघटनशास्त्राचा हा पहिला धडा असतो आणि तो कोणत्याही बौद्धिकवर्गात मिळत नाही.

याच मालिकेत इतरही लहानमोठी कामे येतात. खेळाची निवड करणे आणि पाऊस आला तर दुसरा खेळ तयार ठेवणे. सूर्यनमस्कारात चुकणाऱ्या मुलीला चारचौघींत न लाजवता दुरुस्त करणे. मकरसंक्रमणाच्या उत्सवासाठी जमलेल्या वर्गणीचा पैशापैशाचा हिशेब वहीत लिहून ठेवणे. रक्षाबंधनाला वस्तीतल्या कोणत्या घरी कोणी जायचे, हे ठरवणे. कथा सांगायची असेल तर ती आधी दोनदा घरी मोठ्याने म्हणून पाहणे. ही कामे क्षुल्लक वाटतात. पण नियोजन, निरीक्षण, आर्थिक प्रामाणिकपणा आणि वाणी हे पुढच्या आयुष्यातले चारही खांब येथेच रोवले जातात.

पालकांशी दोन शब्द

दरवर्षी जूनमध्ये शाखांना एक विचित्र अनुभव येतो. मुलगी नववी ओलांडून दहावीत जाते आणि शाखेतून दिसेनाशी होते. विचारले तर उत्तर ठरलेले असते, ‘यंदा दहावी आहे.’ त्यानंतर अकरावी नवी, बारावी महत्त्वाची, मग प्रवेशपरीक्षा. पाच वर्षे शाखेने जिच्यावर संस्कार केले, ती लहान मुलींना काही देण्याच्या वयात पोहोचते, तेव्हाच दार बंद होते. अशाने शाखेत फक्त शिशू आणि प्रौढ उरतात, मधली कडी तुटते. एखाद्या घरात आजी आहे, नात आहे, पण आई नाही, अशी ती अवस्था असते.

पालकांची चिंता खोटी नाही. परीक्षा महत्त्वाची आहे आणि मध्यमवर्गीय घराला शिक्षणावाचून दुसरा आधार नाही. म्हणून मागणी मोठी नसावी. आठवड्यातला एक तास. तेवढा वेळ परीक्षेच्या ऐन महिन्याव्यतिरिक्त वर्षभर देता येतो. आणि हा तास अभ्यासातून वजा होतो, असे मानण्याचे कारण नाही. त्या तासासाठी मुलीला आपला उरलेला वेळ नीट आखावा लागतो. वेळेचे मोल कळते ते वेळ कोणाला तरी देताना.

दुसरी चिंता अंधार पडल्यावर घरी येण्याची. तीही रास्त आहे. तिच्यावर उपाय मुलीला घरी बसवण्याचा नसावा. शाखेची वेळ ऋतूप्रमाणे बदलावी, मुलींनी गटाने परतावे, आणि पाळीपाळीने एकेका घरच्या मोठ्या माणसाने मैदानावर यावे. मुलगी सुरक्षित राहावी म्हणून तिचे जग आकसवत नेले, तर ती सुरक्षित होत नाही, केवळ भित्री होते.

ज्येष्ठांनी मागे राहावे, दूर जाऊ नये

ज्येष्ठ सेविकांसाठी कसोटी वेगळी आहे. स्वतः काम करणे त्यांना सोपे असते. दुसऱ्याला चुकू देणे कठीण असते. किशोरी चुकणारच. ती एखाद्या दिवशी आळस करील, एखाद्या मुलीला उगाच ओरडेल, उत्सवाच्या वेळी सतरंज्या आणायला विसरेल. चूक झाल्यावर तिला सर्वांसमोर बोलू नये. शाखा विकिरल्यानंतर परतीच्या वाटेवर तिला तीन गोष्टी विचाराव्यात. आज काय चांगले झाले? काय बिघडले? पुढच्या वेळी काय करशील? उत्तर तिचे तिला शोधू द्यावे. उन्हाळी वर्गात ती यष्टी, नियुद्ध, घोष शिकते. पण वर्गात शिकलेले पंधरा दिवसांचे असते, परतीच्या वाटेवरचे संभाषण वर्षभराचे असते.

मात्र मागे राहणे म्हणजे अंग काढून घेणे नव्हे. पंधरा वर्षांची मुलगी नेतृत्व करत असली तरी ती स्वतः अजून बालकच आहे, हे विसरता कामा नये. सहलीचा प्रवास, नदी-तलावाकाठचे कार्यक्रम, मुक्कामाची व्यवस्था, औषधोपचार यांचा भार प्रौढांनीच वाहिला पाहिजे. मैदानावर हाकेच्या अंतरावर एक जाणती स्त्री असलीच पाहिजे आणि प्रथमोपचाराची पेटीही.

याहून नाजूक एक गोष्ट आहे आणि ती स्पष्टपणे बोलली पाहिजे. लहान मुली ज्या गोष्टी आईला सांगत नाहीत, त्या आपल्या गटातल्या ताईला सांगतात. कधी तरी एखादी सात वर्षांची मुलगी अशी गोष्ट सांगेल की ऐकणाऱ्या किशोरीच्या पायाखालची जमीन सरकेल. कोणी तरी तिला नको तसा स्पर्श केला आहे. कदाचित तो माणूस नात्यातलाच असेल. ‘कोणाला सांगू नकोस ना ताई,’ असेही ती म्हणेल. अशा वेळी किशोरीने काय करावे, हे तिला आधीच सांगून ठेवलेले असावे. त्या मुलीवर विश्वास ठेवावा, तिला दोष देऊ नये, खोदून प्रश्न विचारू नयेत आणि गुप्ततेचे वचन देऊ नये. त्याच दिवशी शाखेच्या प्रौढ कार्यकर्तीला सांगावे. तेथे किशोरीचे काम संपते आणि प्रौढांचे सुरू होते. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला पॉक्सो म्हणतात, तो अशी माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक करतो. न कळवणाऱ्या प्रौढाला शिक्षेची तरतूद आहे. बालकांना मात्र त्या शिक्षेतून वगळलेले आहे. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो. घराण्याची अब्रू, संघटनेचे नाव, शेजाऱ्यांचे संबंध यांपैकी कोणतेही कारण एका लेकराच्या रक्षणाआड येता कामा नये. जिजामातेचे नाव घेणाऱ्या संघटनेने याहून वेगळे वागणे संभवतच नाही.

किशोरींनी स्वतःशी तपासावे

आता ज्यांच्यासाठी हे सारे, त्या किशोरींकडे वळले पाहिजे. समितीने तीन आदर्श पुढे ठेवले आहेत. जिजामातेचे मातृत्व, अहल्याबाईंचे कर्तृत्व आणि झाशीच्या राणीचे नेतृत्व. यांत नेतृत्व एकटे नाही, त्याच्याबरोबर मातृत्व आणि कर्तृत्वही आहे. ज्या मुलीला सात जणींवर हुकूम गाजवायला आवडतो, पण त्यांतल्या एकीचे नाक पुसायला आवडत नाही, तिने अजून थोडे थांबावे. ज्या मुलीला कौतुक हवे असते, पण सतरंज्या झटकण्याच्या वेळी घरी काम आठवते, तिनेही थांबावे.

मैत्रिणींचा एक घोळका करून बाकीच्या मुलींना बाहेर ठेवणे हा या वयाचा ठळक दोष. शाळेत तो खपून जातो. गटप्रमुखाला तो शोभत नाही. तिच्या गटात जी मुलगी सर्वांत कमी बोलते, जिचे कपडे जुने आहेत, जिची बोली वेगळी आहे, जिच्या घराकडे इतर मुली जात नाहीत, तिच्याशेजारी बसण्याची जागा गटप्रमुखाची आहे. हिंदू समाजाच्या एकतेवर भाषणे पुष्कळ होतात. ती एकता पंधरा वर्षांच्या मुलीने डबा उघडताना आपल्या शेजारी कोणाला बसवले, यातून उभी राहते किंवा कोसळते.

ऑगस्ट १९४७ मध्ये, फाळणीच्या ऐन तोंडावर, सिंधमधील एका सेविकेचे पत्र मावशींना आले. येथे यावे, धीर द्यावा, अशी विनंती होती. देश पेटलेला असताना मावशी कराचीला गेल्या. तेथील सेविकांना भेटल्या आणि पुढे निर्वासित होऊन येणाऱ्या भगिनींची व्यवस्था लावण्यात गुंतल्या. एका पत्राला उत्तर म्हणून स्वतः जाणे, हा त्यांच्या नेतृत्वाचा अर्थ होता. किशोरीच्या आयुष्यात तसा भीषण प्रसंग न येवो. परंतु मंगळवारी गैरहजर राहिलेल्या मुलीच्या दारावर बुधवारी थाप मारणे, हे त्याच रस्त्यावरचे पहिले पाऊल आहे.

आणि आता पुन्हा त्या देवळामागच्या मैदानावर येऊ. शिट्टी वाजून गेलेली आहे. नववीतली मुलगी ताईंकडे पाहते आहे. ताई जागच्या हलत नाहीत. फक्त मान हलवतात, ‘कर तू, मी आहे.’ मग ती मुलगी शिट्टी बाजूला ठेवते. आधी रडणाऱ्या चिमुरडीपाशी जाते, तिचा गुडघा धुते. कट्ट्यावरच्या दोघींना बोलावून त्यांच्यावर दोन गटांची मोजणी सोपवते. भांडणाऱ्यांना खाली बसवते आणि खेळाचे नियम पुन्हा सांगते, या वेळी हळू आवाजात. शाखेतली वीस मिनिटे वाया गेलेली असतात. प्रार्थनेच्या वेळी रांग थोडी वाकडीच असते.

ती वाकडी रांग ताईंनी सरळ करू नये. पुढच्या आठवड्यात ती मुलगी स्वतः करील.